पीचच्या वासाचा खोडरबर

गुन्सानच्या प्राथमिक शाळेसमोर
एकतीस वर्षं माझं दुकान आहे. वह्या, कंपास,
बोटाएवढ्या बाटल्यांत मुलींसाठी सोलून काढायचं नेलपेंट,
आणि काचेच्या बरणीत खोडरबर: पीच, स्ट्रॉबेरी, खरबूज.
लोक म्हणतात, ओक-बूनच्या दुकानात शिरलं
की आधी भूक लागते,
मग आठवतं, पेन्सिल घ्यायची होती.

यून-सल पहिलीपासून पीचचीच गिऱ्हाईक.
खोडायची कमी, हुंगायची जास्त.
रात्री उशीखाली ठेवते म्हणाली.
कोपरा नेहमी कुरतडलेला, उंदरानं कुरतडावा तसा.
मी ओरडले नाही. हसले. दुसरा दिला.

दाराच्या चौकटीवर मी पोरांची उंची लिहिते.
पेन्सिलीची रेघ, बाजूला नाव, तारीख.
यंदा तिची रेघ चौथीतल्या मुलांच्याही वर गेली.
मी टाळ्या वाजवल्या,
समुद्रशेवाळाचं पाकीट फुकट दिलं,
म्हटलं, काय गं, कुणी खत घातलं तुला?

ऑक्टोबरात तिची आई आली. मासळीच्या कारखान्यातून थेट,
हातांना मोज्यांचा रबरी वास.
भांडायला नव्हती आली. फोन पुढे केला.
पडद्यावर एक हात, काळ्यात पांढरा.
मनगटाशी बारकी हाडं, ओढ्यातल्या गोट्यांसारखी,
आणि बोटांच्या हाडांमधली ती फट, जिच्यातून उंची येते,
ती मिटत आलेली.
मुलीचं वय आठ वर्षं दोन महिने.
हाडांचं, दहा वर्षं अकरा.
दर अठ्ठावीस दिवसांनी एक सुई, म्हणाली,
घड्याळ थांबवायला नाही, नुसतं हळू करायला.

कशानं? मी विचारलं.
डॉक्टर नाव घेत नाहीत.
शाम्पू असेल, डब्याचं झाकण असेल, पावसाळी कोट,
फरशीवर अंथरलेलं व्हिनाइल, तिचं ते चमचमतं पाकीट.
कदाचित यातलं काहीच नसेल.
बोलता बोलता तिनं बरणीकडे पाहिलं.
मीही पाहिलं.
दोघींनी एकदमच नजर काढून घेतली.

मुलगी वयात आली, असं म्हणायची पद्धत आहे.
या पोरीला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही.
ती कुठे आली वयात?
वयच तिच्यात घुसलं, चपला न काढता.

रात्री घाऊकवाल्याला फोन लावला. म्हणाला, आजी,
सगळ्यावर शिक्का आहे, डोळे मिटून विका.
मी खालचा खण ओढला. जुना माल, दोन वर्षं विसरलेला.
एक खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटला होता.
चिकटला कसला, आत उतरला होता;
सेंटिमीटरचे आकडे त्याच्या अंगावर, उलटे.
ओढलं तर दोघांचंही थोडं थोडं निघालं.
याचा मऊपणा तिच्यात गेला होता.
कुणी काही ओतलं नव्हतं.
नुसतं शेजारी ठेवलं होतं.

बरणी रिकामी केली. फार काही केलं असं नाही,
पलीकडच्या गल्लीत दुसरं दुकान आहे.

सोमवारी यून-सल आली. दंडावर गोल पट्टी,
तिच्यावर ससा.
मी पांढरा, कडक, साधा खोडरबर पुढे केला.
तिनं नाकाशी धरला. उलटा करून पुन्हा धरला.
"याला कसलाच वास नाही."
मग चौकटीपाशी गेली
आणि आपली सगळ्यात वरची रेघ खोडायला लागली.
टाचाही उचलाव्या लागल्या नाहीत तिला.

रेघ गेली नाही. पसरली.
लाकडावर राखाडी डाग, बोटभर रुंद.
राहू दे, मी म्हटलं.
तिनं पाचशे वॉनचं नाणं काउंटरवर ठेवलं आणि पळाली.
सुटे परत द्यायचे राहून गेले.